मावठ्याची वार्ता

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत रायपूरहून बीरगांवकडे जावे, तर उरला भागातील कारखान्यांची धुराडी आधी दिसतात; वस्ती मागे पडली की भाताची कापलेली शेते लागतात. शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न या सुमारास ना शेतात असते, ना घरात. ते खळ्यावर किंवा सहकारी संस्थेच्या खरेदी केंद्रात, उघड्यावर पोत्यांच्या थप्प्यांत पडलेले असते. नेमक्या याच वेळी जो पाऊस येतो, त्याला आपण मावठा म्हणतो.

हा पाऊस दुरून येतो. भूमध्य समुद्राकडे निर्माण झालेली कमी दाबाची क्षेत्रे इराण-अफगाणिस्तानावरून हिवाळ्यात आपल्या वायव्य सीमेवर पोचतात. त्यांच्याबरोबरची थंड हवा आणि बंगालच्या उपसागरावरील बाष्प यांची गाठ मध्य भारतावर पडली, की विजा कडाडतात आणि कधी गाराही पडतात. कधी संकट पूर्वेकडूनच येते. डिसेंबर २०२३ मध्ये आंध्रच्या किनाऱ्यावर बापटलाजवळ थडकलेल्या चक्रीवादळाचे ढग छत्तीसगडापर्यंत आले होते.

मग याची वर्दी देणारी व्यवस्था कशी जन्मास आली? ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर तुफान कोसळले आणि सुमारे ५० ते ६० हजार माणसे दगावली. महिना उलटतो न उलटतो तोच मच्छलीपट्टणावर दुसरे तुफान आले; तेथे सुमारे ३० हजार लोक बुडाले. पुढल्याच वर्षी कलकत्ता बंदरासाठी वादळाच्या इशाऱ्याची योजना झाली. मागोमाग १८६६ चा ओरिसाचा दुष्काळ आला. अखेर १८७५ साली हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या हाताखाली अखिल भारतीय हवामान खाते स्थापन झाले. १९२८ साली त्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. तेथील वेधशाळेला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात.

रायपूर आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात नांदत होते. पुढे प्रांत वेगळे झाले, भाषा वेगळ्या झाल्या. पण रायपूरचे हवामान केंद्र आजही नागपूरच्या प्रादेशिक केंद्राशी जोडलेले आहे. वाऱ्याला प्रांतरचना ठाऊक नसते, हेच खरे!

श्रोतेहो, इशारा देणे आणि इशारा पोचणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. नोकरीच्या आरंभी एका कचेरीत असताना शुक्रवारी सायंकाळी पावसाच्या इशाऱ्याचा कागद माझ्या मेजावर आला. मी त्यावर ‘माहितीस्तव सादर’ असा शेरा मारला आणि तो नियमाप्रमाणे वर पाठविला. वरिष्ठांची सही सोमवारी झाली. पाऊस रविवारी रात्रीच पडून गेला होता. आठवड्याने खरेदी केंद्रावर गेलो, तेव्हा भिजलेल्या पोत्यांतून भाताचे कोंब बाहेर आले होते. एका वृद्ध शेतकऱ्याने एवढेच विचारले, “साहेब, तुम्हांला आधी कळले होते काय?” मी उत्तर दिले नाही. शेरा नियमास धरून होता. तेच त्याचे दुर्दैव.

उलट उदाहरणही आपल्या देशातलेच आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओरिसात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर गोपाळपूरनजीक मोठे वादळ आले, तेव्हा जवळजवळ दहा लाख लोकांना आधीच हलविण्यात आले होते. मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. मधल्या काळात उपग्रह आणि यंत्रे सुधारली, हे खरेच. पण गावोगाव दार ठोठावणारा माणूसही तयार झाला होता.

आज अंदाज तासातासाला मिळतो. तरीही बीरगांवच्या पलीकडील खळ्यावर ताडपत्री वेळेवर पसरली गेली, तरच तो खरा ठरला असे मी म्हणेन.