मुंग्या कुठून आल्या?



“आलं का?” “नाही, अजून थोडं फिरव!” एक जण छपरावर, एक दारात, बाकीचे टीव्हीपुढे. कर्जत-खालापूरच्या आपल्या कितीतरी घरांचा रविवार असाच सुरू व्हायचा.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. वर्षभराने पुण्यासाठी सिंहगडावरून प्रक्षेपण होऊ लागलं. आपण मात्र दोन्हींच्या मधे सापडलो. मुंबईच्या बाजूला माथेरानचा डोंगर आडवा, पुण्याच्या बाजूला सह्याद्रीची भिंत. टीव्हीच्या लहरी बहुतेक सरळ जातात, डोंगराआड त्या क्षीण होतात. कड्यावर आपटून उशिरा पोचलेली लहर तर पडद्यावर एकाची दोन माणसं करते. म्हणून आपल्याकडे उंच पाइप आणि जास्त काड्यांचा अँटेना लागायचा.

क्षीण चित्रावर छोटीशी ठिणगीही भारी पडते, आणि ठिणग्यांना आपल्याकडे तोटा नव्हता. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, तेव्हापासून मुंबईकडे जाणाऱ्या तारा आपल्याच शिवारातून गेल्या. घाटात विजेची रेल्वे १९३० च्या सुमारास आली. तारेचा सैल जोड, खांबावरची मळलेली चिनीमातीची चकती, गाडीच्या टपावर उडणारी ठिणगी, स्कूटरचा प्लग, मिक्सरची मोटार, या सगळ्यांतून रेडिओलहरी निघतात. पडद्यावर त्यांच्याच मुंग्या होतात.

बोलणी मात्र आपल्यालाच! १९८७ मध्ये ‘रामायण’ लागलं की पहिली हाक स्वयंपाकघरात यायची, “मिक्सर बंद कर!” चटणी अर्ध्यावर राहायची आणि मुंग्या तशाच.

शेवटी आम्ही एक युक्ती केली. सेलवरचा ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर, स्टेशन लागत नाही अशा जागी ठेवला आणि घराचा मेन स्विच बंद केला. खरखर थांबली तर दोष घरात, नाही थांबली तर बाहेर. आमची थांबली नाही. ट्रान्झिस्टर हातात घेऊन गल्लीतून चालत गेलो, तर एका खांबाजवळ खरखर सगळ्यात मोठी. खांबाला हात न लावता वायरमनला सांगितलं. जोड सैल निघाला.

बूस्टरचंही तसंच. तो चित्राबरोबर खरखरही वाढवतो. अँटेनाजवळ बसवला तर थोडा उपयोग, टीव्हीमागे बसवला तर वायरीत शिरलेली खरखरही तो मोठी करून दाखवतो.

पुढे घरोघरी छत्र्या आल्या, पण जुने पाइप अजून कितीतरी छपरांवर गंजत उभे आहेत. वाऱ्याने पडले तर विजेच्या तारेवर जातील. पावसाळ्याआधी ते जाणत्या माणसाकडून उतरवून घ्या. तार जवळ असेल तर आधी वीज कार्यालयाला कळवा, आणि पोरांना छपरावर चढवू नका.