थरथरत्या सुरातून निघालेली घंटा

तंबोरा आणि पेटी एकाच सुरात लावली, तरी डोळे मिटून आपण दोन्ही वाद्ये ओळखतो. मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे अधिस्वरही उमटतात आणि त्यांचे प्रमाण वाद्यागणिक वेगळे असते. तेव्हा यंत्राने वाद्यध्वनी घडवायचा, तर प्रत्येक अधिस्वरासाठी एक दोलक घेऊन सर्वांची बेरीज करावी, हा सरळ मार्ग. पण असे पंधरा-वीस दोलक, आणि प्रत्येकाची तीव्रता क्षणोक्षणी बदलायची! १९६० च्या दशकातील संगणक त्यात अगदी मेटाकुटीला येत.

१९६७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चौनिंग संगणकावर सुराच्या कंपनाचे प्रयोग करीत होते. ते संगीतकार, मूळचे तालवादक, अभियंता नव्हेत. गायकाचा सूर सेकंदाला पाच-सहा वेळा थरथरतो. चौनिंग यांनी थरथरीचा वेग आणि हेलकावा वाढवत नेला. सेकंदाला विसाच्या पुढे कानाला थरथर कळेनाशी झाली आणि सुराची जातच बदलली. दोलक मात्र दोनच!

समजा, मुख्य दोलक ४०० हर्ट्झचा आणि त्याला हलवणारा १०० हर्ट्झचा आहे. मग ४०० च्या दोन्ही बाजूंना ३००, ५००, २००, ६०० असे स्वर निर्माण होतात. सगळे शंभराच्या पटीत, म्हणून नाद सुरेल. आता हलवणारा १४१ हर्ट्झचा घ्या. ५४१, २५९, ६८२, ११८... पटींचा हिशेब बिघडला आणि घंटेसारखा धातूचा नाद आला. हेलकावा जितका मोठा, तितके बाजूचे स्वर अधिक. वारंवारता विरूपणाचे हे गणित एफ.एम. रेडिओच्या अभियंत्यांना कित्येक वर्षे पाठ होते. त्यात वाद्य ऐकण्यासाठी संगीतकाराचा कान लागला.

१९७३ मध्ये चौनिंग यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अमेरिकी ऑर्गन कंपन्यांना त्यात काही दिसले नाही. जपानच्या यामाहाला दिसले. दरम्यान विद्यापीठाने त्यांना कायम नेमणूकही नाकारली होती. पुढे त्यांना परत बोलवावे लागले, हे वेगळे सांगायला नको. १९७७ मध्ये पेटंट मिळाले आणि विद्यापीठाला त्यातून दोन कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न झाले. १९८३ साली आलेल्या यामाहाच्या डीएक्स-७ मध्ये प्रत्येक स्वरासाठी सहा दोलक होते. १९८७ च्या ॲडलिब साउंड कार्डावरील यामाहाच्या चिपमध्ये मात्र एका स्वरामागे पुन्हा दोनच, आणि संगणकावरील कित्येक खेळांचे संगीत त्या दोहोंतूनच वाजत असे.