चुंबक हलले, तापमापक राहिला

मुंबईत विजेची ट्राम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्यापुढे पेच उभा राहिला. तेथे १८४१पासून भूचुंबकीय नोंदी होत होत्या. ट्रामच्या विद्युतप्रवाहाने त्या बिघडल्या असत्या. चुंबकीय उपकरणे अलिबागला हलवायचे ठरले. पण १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी ठेवल्या गेल्या, म्हणून जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. १९०७मध्ये ट्राम धावली.

हवामानाच्या नोंदी मात्र कुलाब्यातच राहिल्या. शहराची बाधा तापमापकालाही होते, पण ती हळूहळू मुरते. डांबर आणि काँक्रीट दिवसा ऊन साठवतात, रात्री सोडतात. लंडनमध्ये ल्यूक हॉवर्डने शहरातल्या आणि बाहेरच्या नोंदी शेजारी ठेवून दाखवले, की शहराची रात्र सरासरी ३.७ अंश फॅरनहाइटने उबदार असते.

२००३मध्ये युजेनिया काल्ने आणि मिंग काई यांनी अमेरिकेसाठी निराळी तुलना केली. एकीकडे जमिनीवरच्या केंद्रांचे तापमान. दुसरीकडे ते न वापरता, वरच्या हवेच्या निरीक्षणांवरून संगणकाने मांडलेले तापमान. दोन्ही कलांतला फरक त्यांनी शहरीकरण आणि जमीनवापराच्या खाती मांडला. आक्षेप लगेच आला : केंद्रांच्या जागा आणि नोंदींच्या वेळाही बदलल्या होत्या, त्याचे काय?

समुद्रही तापतो आहे. तेव्हा सगळी तापमानवाढ शहरांच्या माथी मारता येत नाही. पण शहराचा वाटा वेगळा काढायचा, तर जुन्या-नव्या जागी एकत्र ठेवलेल्या नोंदी हव्यात. मूस यांची ती दोन वर्षे म्हणूनच मोलाची वाटतात.