ओळ कोठे तोडावी?

छापलेले पान आपण रोज वाचतो. पण त्यातली एखादी ओळ जिथे संपली तिथेच ती का संपली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. कागदाला रुंदी असते, भाषेला मात्र रुंदी नसते. वाक्य वाहत येते आणि कागदाची कड आली की त्याला कोठेतरी थांबवून खाली उतरवावे लागते. हे काम कोणी करावयाचे आणि कोणत्या नियमाने, याला मोठा इतिहास आहे. आपल्या मुलांच्या वाचनाशीही त्याचा जवळचा संबंध आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. 'त्या माणसावर मोठा अन्याय झाला' असे वाक्य आहे. ओळीच्या शेवटी 'अन्याय' मधला फक्त 'अ' मावला, त्याच्यापुढे लहानशी आडवी रेघ आली आणि 'न्याय' खालच्या ओळीत गेला. अक्षर कोठेही फुटलेले नाही, म्हणजे नियम पाळलेला आहे. पण नुकताच वाचू लागलेला मुलगा खालची ओळ वाचतो ती 'न्याय झाला' अशी! ओळ कोठे तोडावी हा प्रश्न केवळ शोभेचा नाही, अर्थाचा आहे.

आपल्या जुन्या पोथ्या लिहिणाऱ्यांना ही चिंता फारशी नव्हती. पोथीत शब्दाशब्दांमध्ये जागा सोडण्याची रीतच नव्हती. अक्षराला अक्षर लागून ओळ भरत जायची आणि समास आला की शब्दाच्या मध्यावरही थांबून खालून पुढे चालू. ओवीचे किंवा श्लोकाचे चरणही वेगळ्या ओळीत लिहीत नसत. उभा दंड आणि आकडा एवढीच खूण. हे चालले, कारण पोथी मोठ्याने वाचली जाई आणि ओवी कोठे संपते हे वाचणाऱ्याच्या कानाला ठाऊक असे. मोडीचेही तसेच. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरे तिच्याखाली ओवीत जायचे. सरावलेल्या कारकुनाला शब्द वेगळे दाखवावे लागत नसत.

छपाई आली आणि चित्र पालटले. युरोपात जर्मनीतील माइन्त्स शहरी गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास लॅटिन बायबल छापले. त्याच्या बहुतेक पानांवर प्रत्येक स्तंभात ४२ ओळी आहेत आणि दोन्ही कडा सरळ, जणू ओळंबा लावलेल्या. हे साधण्यासाठी त्याने हस्तलिखितांतल्या जुन्या युक्त्या वापरल्या: एकाच अक्षराचे रुंद व अरुंद खिळे, जोडाक्षरे, शब्दांची संक्षिप्त रूपे, आणि शब्द मोडलाच तर ओळीच्या शेवटी दोन बारीक तिरक्या रेघा. शब्द पुढे चालू आहे, हे त्या रेघांनी सांगायचे.

मराठीत ही विद्या पुढे साडेतीनशे वर्षांनी रुजू लागली. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले. शिळाछापात पान हातानेच लिहीत, त्यामुळे ओळ तोडणे अजून लेखणीच्याच स्वाधीन होते. पुढे खिळे सर्वत्र झाले, शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत रुळली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेजर कँडी यांच्या खटपटीने विरामचिन्हेही आली. जावजी दादाजी यांच्या मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने तर देवनागरी खिळ्यांचा असा नमुना घालून दिला की, त्याची कीर्ती देशभर झाली.

आता ओळीचा धनी झाला तो जुळारी, म्हणजे कंपोझिटर. डाव्या हातात स्टिक धरून तो उजव्या हाताने एकेक खिळा लावी. स्टिकची रुंदी ठरलेली. शेवटचा शब्द मावेना, की त्याच्यापुढे तीन वाटा असत. शब्दांमधल्या जागा बारीक करून तो कसाबसा बसवायचा. किंवा तो खाली ढकलून उरलेल्या जागा रुंद करायच्या. नाहीतर शब्दच मोडायचा. जागा फार रुंद झाल्या की पानावर पांढरे ओघळ दिसू लागतात, आणि वर्तमानपत्राच्या अरुंद स्तंभात तर हे हमखास होई.

मराठीत ही अडचण इंग्रजीहून अधिक, कारण आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. 'विद्यार्थ्यांसाठीसुद्धा' हा आपल्याकडे एकच शब्द! तो मोडायचा तर अक्षर फुटता कामा नये. काना, मात्रा, वेलांटी आपल्या अक्षराला सोडून जाता कामा नये. इथे एक मौज आहे. 'धर्म' हा शब्द कानाला 'धर्' आणि 'म' असा ऐकू येतो. पण लिपीत 'र' हा रफार होऊन 'म'च्या डोक्यावर बसतो, म्हणून लिहिताना तो 'ध' आणि 'र्म' असाच मोडावा लागतो. कान एक सांगतो, डोळा दुसरे. म्हणून जाणता जुळारी शक्यतो घटक पाहून शब्द मोडी: 'महाराष्ट्र' मोडायचाच तर 'महा' आणि 'राष्ट्र' असा. हे शहाणपण उमेदवारीत हाताला लागे.

टंकलेखन यंत्र आले तेव्हा हा निर्णय टंकलेखकाकडे गेला. कड जवळ आली की यंत्रातली घंटा वाजे. मग शब्द पुरा करायचा की मोडायचा हे त्याने ठरवायचे आणि दांडी ओढून नवी ओळ सुरू करायची.

संगणकाने हा प्रश्न गणिताचा केला. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक डोनाल्ड नूथ यांना १९७७ साली आपल्या ग्रंथाची नव्या पद्धतीने जुळवलेली मुद्रिते पसंत पडली नाहीत. त्यांनी स्वतःच 'टेक' नावाची अक्षरजुळणीची प्रणाली रचली, आणि परिच्छेदाच्या ओळी कशा पाडाव्यात यावर मायकेल प्लास यांच्यासह १९८१ साली एक लेख प्रसिद्ध केला.

त्यातला विचार असा. जुळारी एकेक ओळ भरून पुढे जाई. पंगत बसवताना पहिल्या रांगेत दाटी केली आणि शेवटच्या रांगेत दोघेच उरले, तसे यात होते. नूथ म्हणाले, आधी सारी पंगत पाहा, मग पाने मांडा. पण परिच्छेदात तोडण्याजोग्या २० जागा असल्या, तर तोडण्याच्या रीती होतात दहा लाखांहून अधिक. त्या साऱ्या तपासण्याऐवजी प्रत्येक जागेपर्यंत येण्याची सर्वांत चांगली वाट तेवढी ध्यानात ठेवायची आणि बाकीच्या सोडून द्यायच्या. एखादी ओळ फार विरळ किंवा फार दाट झाली की तिला दोषाचे गुण द्यायचे, आणि ज्या मांडणीत एकूण दोष कमी ती पत्करायची. पुढे १९९९ साली निघालेल्या 'इनडिझाइन' या पाने मांडण्याच्या प्रणालीतही पूर्ण परिच्छेद पाहून ओळी पाडण्याची सोय आली.

मग सगळे प्रश्न मिटले का? नाही. यंत्राला रुंदी कळते, अर्थ कळत नाही. मराठीचे जुने संगणकीय टंक इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले होते. यंत्राच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. शब्द तोडण्याची सोय चालू राहिली, तर इंग्रजीचे नियम मराठीवर चालत. युनिकोड रुळल्यावर काना-मात्रा आपल्या अक्षराला बांधल्या गेल्या. पण 'डॉ.' एका ओळीत आणि आडनाव दुसऱ्या ओळीत, '५' वर आणि 'रुपये' खाली, हे अजूनही घडते.

आणि आज हा निर्णय आला आहे तुमच्या-आमच्या हाती. शाळेचे वार्षिक, प्रश्नपत्रिका, ग्रामसभेची सूचना हे पुष्कळदा शिक्षकच संगणकावर तयार करतात. त्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली: प्रत्येक ओळीच्या शेवटी 'एंटर' दाबू नये. ती टंकलेखन यंत्राची सवय झाली. 'एंटर' म्हणजे नवा परिच्छेद. कागदाचा आकार किंवा अक्षराचा आकार बदलला की अशा ओळी अर्ध्यावर तुटून विस्कटतात. दुसरी: परिच्छेद न बदलता ओळच बदलायची असेल, जशी कवितेत किंवा पत्त्यात, तर 'शिफ्ट' धरून 'एंटर' दाबावे. तिसरी: जे शब्द एकमेकांपासून सुटू नयेत, त्यांच्यात न तुटणारी जागा घालावी, 'वर्ड'मध्ये 'कंट्रोल' आणि 'शिफ्ट' धरून जागेची कळ दाबली की ती मिळते. आणि लहान मुलांसाठी लिहिताना शब्द मुळीच मोडू नयेत. उजवी कड थोडी खालीवर राहिली तरी चालेल. मूल अजून एकेक अक्षर लावून वाचत असते. अर्धा शब्द लक्षात धरून खालच्या ओळीचा आरंभ शोधणे, हे त्याला दुहेरी ओझे होते.

पोथीचा वाचक अर्थ कानाने सांभाळी, आणि छापखान्यात जुळारी तो हाताने सांभाळी. आता ते दोघेही आपल्यामध्ये उभे नाहीत. तेव्हा कागद छापायला देण्यापूर्वी प्रत्येक ओळीचा शेवट एकदा मोठ्याने वाचून पाहावा. जिथे जीभ अडखळेल, तिथे मुलाचा डोळाही अडखळणार, आणि ती ओळ आपण आधीच नीट केली पाहिजे.