व्रताआधीचे वर्ष : नोव्हिशिएटची कुळकथा

कॅथलिक संन्याससंघात आलेल्या माणसाला व्रते घेण्याआधी किमान बारा महिने परीक्षेत काढावे लागतात. या काळाला आणि तो जिथे काढायचा त्या घरालाही नोव्हिशिएट म्हणतात. तिथला उमेदवार म्हणजे नॉव्हिस. पुढे फादर होऊ पाहणारा असो वा जन्मभर ब्रदर राहणारा, हे वर्ष कोणालाच चुकत नाही. ब्रदर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तिन्ही व्रते घेतो, पण धर्मगुरूची दीक्षा घेत नाही. शाळा, दवाखाना, शेती, छापखाना, सुतारकाम अशा कामांत तो आयुष्य घालवतो.

या प्रथेचे मूळ चौथ्या शतकातल्या इजिप्तच्या वाळवंटात सापडते. तिथे सुरुवातीला ठरलेली मुदत अशी नव्हतीच. एखाद्या वृद्ध तपस्व्याकडे जायचे आणि त्याने ठेवून घेईपर्यंत दाराशी बसून राहायचे, एवढीच रीत. संत अँथनीने पॉल नावाच्या साठीतल्या खेडुताला काही दिवस बाहेर ताटकळत ठेवल्याची कथा प्रसिद्ध आहे. इ.स. ३२०च्या सुमारास पखोमियसने नाईलकाठी ताबेन्नीस येथे सामुदायिक मठ स्थापला. पुढे अशा मठांतून शेकडो माणसे एकत्र राहू लागली, तेव्हा एका गुरूची पारख पुरेनाशी झाली आणि नियम लिहून काढावे लागले. नव्या माणसाने काही दिवस दाराबाहेर थांबावे, प्रभूची प्रार्थना आणि काही स्तोत्रे पाठ करावीत, असे पखोमियसच्या नियमात आहे. निरक्षराला दिवसातून तीनदा शिक्षकाकडे जाऊन अक्षरे गिरवावी लागत. इच्छा नसली तरी त्याने वाचायला शिकलेच पाहिजे, असा दंडक होता. मठातल्या प्रत्येकाला निदान नवा करार आणि स्तोत्रसंहिता यावी, ही त्यामागची अपेक्षा.

वर्षभराची मुदत प्रथम स्पष्ट दिसते ती जॉन कॅसियनच्या लेखनात. इजिप्तमध्ये पाहिलेल्या चालीरीती त्याने पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिण फ्रान्समधल्या मठांसाठी लिहून काढल्या. त्याच्या वर्णनाप्रमाणे उमेदवार दहा दिवस किंवा त्याहून जास्त काळ दाराबाहेर लोळण घेई आणि येणारेजाणारे त्याची मुद्दाम हेटाळणी करत. आत घेतल्यावरही तो लगेच मठवासीयांत मिसळत नसे. एका वडीलधाऱ्याच्या हाताखाली वर्षभर पाहुण्यांची सेवा करी. त्याचे घरचे कपडे मात्र कारभारी जपून ठेवत असे. माणूस कुरकुर करू लागला किंवा त्याचे वर्तन बिघडले, तर मठाचा वेष उतरवून जुन्या कपड्यांत त्याची रवानगी व्हायची.

सहाव्या शतकात माँते कासिनोच्या बेनेडिक्टने हेच सारे आपल्या नियमावलीच्या अठ्ठावन्नाव्या प्रकरणात नेमके बसवले, आणि पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात तेच प्रमाण ठरले. चारपाच दिवस दार ठोठावूनही जो हटत नाही, त्याला पाहुण्यांच्या खोलीत घ्यावे. मग नवख्यांसाठी वेगळ्या राखलेल्या जागेत त्याने अभ्यास, जेवण आणि झोप हे सगळे करावे. माणसे जोखता आणि जिंकता येणारा एक ज्येष्ठ मठवासी त्याच्यावर नेमावा. नॉव्हिस मास्टर या पदाचा उगम हाच. दोन महिन्यांनी संपूर्ण नियमावली वाचून दाखवायची आणि विचारायचे की हे पाळणार असशील तर ये, नाहीतर मोकळेपणाने जा. पुढे सहा महिन्यांनी पुन्हा वाचन, त्यानंतर चार महिन्यांनी आणखी एकदा. बारा महिन्यांचा हिशेब असा जुळतो. शेवटी उमेदवार आपल्या हाताने प्रतिज्ञापत्र लिहून वेदीवर ठेवी. लिहिता न येणारा खूण करी. जुने कपडे इथेही कपाटात राहत. पुढे कधी बाहेर पडला तर ते त्याला परत मिळत, प्रतिज्ञापत्र मात्र मठाकडेच राही.

कागदावरचा नियम आणि मठातला व्यवहार यांत पुढे अंतर पडत गेले. आईबापांनी लहानपणीच वाहिलेली मुले मठात वाढत, त्यांच्या बाबतीत परीक्षेला अर्थच उरत नसे. क्लूनीसारख्या बड्या मठात तर ही मुदत इतकी आक्रसली की बाराव्या शतकात मठाधिपती पीटरला निदान एक महिना तरी थांबवा, असा नियम करावा लागला. १०९८मध्ये सीतो येथे सुरू झालेल्या सिस्टर्शियन पंथाने मुले घेणे बंद केले आणि पूर्ण वर्षाचा आग्रह पुन्हा धरला.

ब्रदरांच्या इतिहासाचे महत्त्वाचे वळणही याच पंथात आहे. शेतीभाती आणि गुरेढोरे सांभाळायला सिस्टर्शियनांनी कॉन्व्हेर्सी नावाचा स्वतंत्र वर्ग मोठ्या प्रमाणावर उभा केला. ही माणसे व्रतस्थच, पण त्यांचे झोपण्याजेवण्याचे दालन निराळे, चर्चमधली जागा निराळी, आणि दाढी राखलेली. त्यांनी पुस्तक हाती धरायचे नाही, प्रभूची प्रार्थना, श्रद्धासूत्र आणि ठरावीक मोजकेच पाठ तोंडी शिकायचे, असा नियम होता. पखोमियसने ज्याला सक्तीने अक्षरे शिकवली असती, त्याला आठशे वर्षांनंतरचा मठ अक्षरांपासून लांब ठेवत होता. वर्षभराची परीक्षा मठवासी आणि कॉन्व्हेर्सी दोघांना सारखीच, पण त्या वर्षात मिळणारी विद्या सारखी नव्हती. या भेदाचे ओझे ब्रदरांनी विसाव्या शतकापर्यंत वाहिले.

तेराव्या शतकात फ्रान्सिस्कन संघाचा संस्थापक फ्रान्सिस याने प्रथम कोणाचीही परीक्षा न घेता सोबती जमवले. त्यांची संख्या भराभर वाढली, तसे काही जण गावोगाव भरकटू लागले. १२२०मध्ये पोप तिसरे होनोरियस यांनी फ्रान्सिस्कनांनाही एक वर्षाची उमेदवारी लावून दिली.

सगळ्या संघांना एकच नियम घातला तो ट्रेंटच्या धर्मसभेने, १५६३मध्ये. वेष घेतल्यापासून पूर्ण एक वर्ष गेल्याशिवाय आणि वयाची सोळा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय व्रते घेता येणार नाहीत. घेतली तर ती रद्द. त्याला जोडून आलेला पुढचा नियम त्या काळच्या व्यवहारावर चांगला प्रकाश टाकतो. नॉव्हिसच्या अन्नवस्त्राच्या खर्चापलीकडे त्याची मालमत्ता व्रतांआधी मठाने घ्यायची नाही, आणि तो निघाला तर त्याचे सगळे परत करायचे. पैसा मठात अडकला म्हणून माणूस अडकू नये, हा हेतू त्या नियमात सरळ नमूद आहे.

१५४०मध्ये मान्यता मिळालेल्या येशूसंघाने मुदत दुप्पट केली आणि तिचा आशयही बदलला. संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या मते केवळ मठाच्या भिंतींआड माणूस कळत नाही. म्हणून दोन वर्षांच्या उमेदवारीत त्याने काही कसोट्या घातल्या : तीस दिवसांची मौन अध्यात्मसाधना, महिनाभर इस्पितळात रुग्णसेवा, महिनाभर खिशात दमडी न घेता भिक्षा मागत यात्रा, घरातली हलकी कामे, मुलांना धर्मशिक्षण. १५४६पासून संघात ब्रदरांनाही रीतसर स्थान मिळाले. ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स १५७५मध्ये रोमच्या सांत आंद्रेआ या नोव्हिशिएटमध्ये दाखल झाले आणि चार वर्षांनी गोव्याला पोहोचले.

गोव्यातले नोव्हिशिएट आठवते ते मात्र एका ब्रदरामुळे. अझोर्स बेटांवरचा बेंतो द गोइश हा पोर्तुगीज शिपाई १५८४मध्ये गोव्यात संघात आला, उमेदवारी अर्धी टाकून निघून गेला आणि १५८८मध्ये परत आला. या वेळी टिकला. अकबराच्या दरबारातल्या मिशनमध्ये त्याने काम केले, फादर होणे नाकारले आणि १६०२मध्ये आर्मेनियन व्यापाऱ्याच्या वेषात आग्र्याहून निघून मध्य आशियातून थेट चीनच्या हद्दीत पोहोचला. मार्को पोलोचे कॅथे म्हणजेच चीन, ही गोष्ट खुश्कीच्या मार्गाने त्यानेच पक्की केली. १६०७मध्ये तो तिथेच वारला.

निव्वळ ब्रदरांच्या संघाला स्वतःचे शिक्षण घडवायला सतरावे शतक उजाडावे लागले. जाँ-बातिस्त द ला साल याने रँस शहरात १६८०च्या सुमारास गरीब मुलांच्या शाळांसाठी शिक्षक जमवले. पुरेशा तयारीविना वर्गात उभे केलेले तरुण थकून सोडून जाऊ लागले, तेव्हा त्याने १६९२मध्ये पॅरिसच्या वेशीवर वोजिरार येथे नोव्हिशिएट उघडले. आपल्या संघात कोणीही धर्मगुरू होऊ नये, लॅटिनही शिकवू नये, असे त्याने ठरवून टाकले. इथे ब्रदर हा फादरचा मदतनीस राहिला नाही. शिकवणे हीच त्याची साधना ठरली. एकोणिसाव्या शतकात याच वाटेने बरेच संघ निघाले. जर्मन ब्रदर पॉलुस मोरित्झ यांनी १९०१मध्ये भारतात सुरू केलेल्या फ्रान्सिस्कन मिशनरी ब्रदरांच्या संघाचे मुख्यालय बोरिवलीच्या माउंट पोइन्सरवर आहे.

जिथे फादर आणि ब्रदर एकत्र होते तिथे मात्र जुनी उतरंड कायम राहिली. १९१७च्या धर्मसंहितेने ब्रदर म्हणून केलेली उमेदवारी फादरच्या मार्गाला चालणार नाही, असे लिहून ठेवले. तीस दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी झाली तर सगळे वर्ष नव्याने, इतका तो कायदा काटेकोर होता. त्याआधी १८५७मध्ये पोप नववे पायस यांनी नोव्हिशिएटनंतर लगेच अंतिम व्रते न देता तीन वर्षे साधी व्रते लावून दिली होती. म्हणजे पारखण्याचा काळ वर्षापलीकडेही लांबला होता.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५मध्ये ब्रदरांचे जीवन स्वतःच पूर्ण आहे असे म्हटले आणि त्यांना संघाच्या सामुदायिक जीवनात बरोबरीने सामील करून घ्यायला सांगितले. १९८३च्या संहितेत वयाची अट सतरा वर्षांची आहे. उमेदवारी बारा महिन्यांची, फार तर दोन वर्षांची. शंका उरलीच तर सहा महिने वाढवता येते. तीन महिन्यांहून जास्त गैरहजेरीने ती रद्द होते. नॉव्हिस केव्हाही निघून जाऊ शकतो आणि संघही त्याला घरी पाठवू शकतो. त्यानंतर साधारण तीन ते सहा वर्षे तात्पुरती व्रते, मग कायमची.

प्रशिक्षण असे एका पातळीवर आले, तरी फादरांच्या संघात ब्रदरांना वरिष्ठपद मिळत नसे. १८ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तोही नियम सैल केला. आता संघप्रमुख आपल्या सल्लागारांच्या संमतीने ब्रदराला एखाद्या घराचा वरिष्ठ नेमू शकतो. प्रांताधिकारी किंवा संघप्रमुख या पदांसाठी व्हॅटिकनची लेखी परवानगी लागते.