चाकात ‘प्ले’ आहे म्हणजे नक्की काय?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी आजचा भाग असा लिहून.

गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘पुढच्या चाकात प्ले आहे.’ आपण मान डोलावतो आणि बिल भरतो. पण प्ले म्हणजे ढिलेपणा, आणि तो किती असला की घाबरायचं, हे गाडी कोणत्या काळातली आहे यावर ठरतं. एका गाडीत चाक किंचित हललं तर मिस्त्री ‘बरोबर बसलंय’ म्हणायचा. दुसऱ्या गाडीत तेवढंच हललं तर ‘आज गाडी इथेच ठेवा’ म्हणेल. दोघेही खरं बोलत असतात.

सुरुवात बैलगाडीपासून करू. लाकडी तुंबा, त्यात आस, बाहेरून खीळ. तुंबा आसावर घासतच फिरायचा, म्हणून वंगण लागायचं आणि चाक डुलायचंच. ते डुलणं कोणी दुरुस्त करत नव्हतं. घोडागाड्यांचा वेग वाढला तसं हे घासणं जाचायला लागलं. १७९४ साली वेल्समधल्या कारमार्दनच्या फिलिप वॉन यांनी गाडीच्या आसासाठी छर्ऱ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. कल्पना अफलातून होती, पण एकसारखे गोल छर्रे ढिगाने बनवायचे कसे? ते जमायला पुढची जवळजवळ नव्वद वर्षं गेली. १८८३ साली जर्मनीत श्वाइनफुर्टला फ्रीडरिश फिशर यांनी छर्रे घासून तंतोतंत गोल करणारं यंत्र बनवलं, तेव्हा कुठे गाडं पुढे सरकलं.

आता छर्ऱ्याची एक अडचण असते. तो एका बिंदूवर टेकतो. गाडी वळते तेव्हा चाकावर वजन वरून येतंच, शिवाय आडवा रेटाही बसतो. अमेरिकेत सेंट लुईसला हेन्री टिमकेन नावाचे घोडागाड्या बनवणारे गृहस्थ होते. त्यांनी १८९८ साली निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. रोलर गोल छर्रा नाही, एका टोकाला बारीक होत जाणारा छोटा दंडगोल. तो रेषेवर टेकतो आणि उभा-आडवा दोन्ही भार घेतो. मोटारी तेव्हा नुकत्याच येत होत्या, आणि हे बेअरिंग त्यांच्या चाकांत जाऊन बसलं.

पण निमुळता रोलर म्हणजे पाचर. नट आवळत गेलात की तो आत आत रुतणार. फार आवळला तर चाक गरम होऊन बेअरिंग जळणार, फार सोडला तर चाक लडबडणार. म्हणून मधली जागा शोधायची. तापल्यावर धातू फुगतो, त्यासाठी केसभर फट मुद्दाम ठेवायची. विलीजची जीप घ्या, जी आपल्याकडे महिंद्रांनी १९४०च्या दशकाअखेरीस मुंबईत माझगावला जोडायला घेतली. तिच्या पुढच्या चाकांत हीच बेअरिंगं. पद्धत अशी: चाक फिरवत नट आवळायचा, चाक अडायला लागलं की नट थोडा मागे घ्यायचा आणि लॉक करायचा. ‘थोडा’ म्हणजे किती, हे हाताला कळावं लागायचं. माझ्या मते त्या काळातल्या चांगल्या आणि सुमार मिस्त्रीतला फरक या एका ‘थोडा’मध्ये होता.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि आपल्या रस्त्यांवरच्या छोट्या गाडीचं पुढचं चाकच बदललं. इंजिनची ताकद आता पुढच्या चाकांना. हबमधून अॅक्सल आरपार गेला, आणि बेअरिंगची फट मिस्त्रीच्या हातातून कारखान्याकडे गेली. मधला मोठा नट ठरलेल्या ताकदीनेच आवळायचा, मागेपुढे काही नाही. नंतरच्या गाड्यांत तर ग्रीससकट बंद बेअरिंग, किंवा हबसकट एकच तुकडा. खराब झाला, बदला. लोक याला ‘आता दुरुस्ती उरली नाही’ म्हणून नावं ठेवतात. मला नाही पटत. चुकीच्या आवळण्याने जळणारी बेअरिंगं त्यामुळेच कमी झाली. पण म्हणूनच आजच्या कारमध्ये हाताला जाणवणारा प्ले दिसला, तर ‘थोडा चालतो’ हे जुनं वाक्य लागू नाही.

बघायचं कसं? सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, पुढचं चाक जॅकवर आणि खाली भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवर विसंबू नका. चाकाला घड्याळ समजा. आधी १२ आणि ६ वर हात ठेवून आतबाहेर हलवा, मग ९ आणि ३ वर.

दोन्हीकडे हललं तर संशय बेअरिंगवर. फक्त ९-३ ला हललं तर टाय रॉडसारखे स्टिअरिंगचे सांधे बघा. फक्त १२-६ ला हललं तर बेअरिंगइतकाच बॉल जॉइंटवरही संशय घ्या. आणि हा सांधाही घोडागाडीचाच वारस बरं का! १८१७ साली म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पेर्गर यांनी अख्खा आस वळवण्याऐवजी प्रत्येक पुढचं चाक आपापल्या खिळीवर वळवायची युक्ती काढली. तीच मोटारीत किंग पिन झाली. अमेरिकेत १९५२च्या लिंकनमध्ये तिची जागा बॉल जॉइंटने घेतली, मग इतरांनीही.

बेअरिंग की सांधा, हे ठरवायला सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेकने डिस्क धरली की हब आणि त्याला धरणारा भाग जणू एकच होतात. हलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा. तरीही हललं तर पुढचा सांधा ढिला. बिनपैशाची परीक्षा आहे ही! बंद बेअरिंग मात्र अनेकदा हलण्याआधी बोलतं. वेगाबरोबर वाढणारी घूंघूं ऐकू येते. उजवीकडे वळताना ती वाढली तर बहुधा डावं चाक, कारण तेव्हा वजन डावीकडे जातं.

या सगळ्याआधी मात्र चाकाचे नट बघा. टायर बदलल्यावर हबवरचा गंज किंवा रंग दबतो आणि घट्ट वाटलेला नट सैल पडतो. म्हणून पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावायचा. सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते चालवताना पेडल सुटू नये म्हणून. अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीने हीच काळजी चाकांना लावली. १९७०च्या आसपासपर्यंत तिच्या गाड्यांच्या डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे होते. ज्याला माहीत नसेल तो सोडतोय समजून आवळत बसायचा, आणि बोल्ट तुटायचा.