इतिहासाचें पुस्तक निवडतांना



जून महिना उजाडला कीं बारावीस इतिहास घेतलेलीं मुलें आणि त्यांचे पालक एकच प्रश्न विचारूं लागतात : अभ्यासाला पुस्तक कोणतें घ्यावें? दुकानांत शासनाचें क्रमिक पुस्तक असतें, त्याच्या शेजारीं मुलें ज्यांना गाईड म्हणतात तीं मार्गदर्शकें असतात, आणि अपेक्षित प्रश्नांचे संच तर ढिगानें असतात. आमच्या नारायणगांवच्या बाजारांत मालाचे चार पैसे हातीं आले म्हणजे शेतकरी बाप मुलासाठीं पुस्तक घेतो. बहुधा तें एकच असतें, आणि तें वर्षभर पुरवावयाचें असतें. म्हणून हा प्रश्न क्षुल्लक समजूं नये. त्याचें उत्तर केवळ स्वतःच्या मतानें न देतां, महाराष्ट्रांतील इतिहासाच्या पुस्तकांचाच इतिहास या बाबतींत काय शिकवितो तें आज पाहूं.

मराठ्यांचा पहिला विस्तृत छापील इतिहास एका परकी लष्करी अधिकाऱ्यानें लिहिला. जेम्स ग्रँट डफ हे पेशवाई बुडाल्यावर सातारा दरबारीं कंपनी सरकारचे प्रतिनिधि होते. त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ १८२६ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत कॅप्टन डेव्हिड केपन यांनीं त्याचें मराठी भाषांतर केलें, आणि 'मराठ्यांची बखर' या नांवानें तें आपल्या शाळांतून दीर्घकाळ वाचलें गेलें. डफ यांचे श्रम थोडे नव्हते. मराठी दप्तरें, फारसी तवारिखा आणि कंपनीचे कागद त्यांनीं पाहिले होते. परंतु शाळेंत शिरल्यावर त्या ग्रंथाला निराळेंच तेज चढलें. जें एका शोधकाचें मत होतें तें मुलांच्या लेखीं प्रत्यक्ष इतिहास होऊन बसलें.

ही मोहिनी प्रथम एका विद्यार्थ्यानें मोडली, ही गोष्ट परीक्षार्थींनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. नीलकंठ जनार्दन कीर्तने हे विद्यार्थिदशेंत असतांनाच, १८६७ च्या सुमारास, त्यांनीं या बखरीवर टीकात्मक निबंध लिहिला. डफ यांनीं ज्या अस्सल कागदांचा आधार घेतला ते आज कोणास पाहावयास मिळतील काय, असा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. हा प्रश्न पुढें वाढत गेला. १८९८ सालीं विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि १९१० सालीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. घरोघरच्या माळ्यांवर कसरीनें खाल्लीं जाणारीं रुमालांतील पत्रें तेव्हांपासून इतिहासाचे साक्षीदार झालीं.

आतां या सर्वांचा क्रमिक पुस्तकाशीं संबंध काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर नारायणगांवाहून सुमारें पंधरा किलोमीटरांवर, शिवनेरीवर आहे. श्रीशिवछत्रपतींचा जन्म तेथें झाला, हें या तालुक्यांतील पोरासोरांस ठाऊक असतें. पण केव्हां झाला? डफ यांनीं १६२७ हें साल दिलें आणि पिढ्यान् पिढ्या मुलांनीं तेंच घोकलें. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यांतील शकावली प्रसिद्ध केली. तींत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी जन्मतिथि निघाली. १९२७ सालीं छापल्या गेलेल्या कवीन्द्र परमानंदाच्या 'शिवभारता'नेंही तिला दुजोरा दिला. तरीहि वाद शमण्यास फार काळ लागला, आणि महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी १६३० हा दिनांक अधिकृतपणें स्वीकारला तो २००१ सालीं. म्हणजे शकावली छापली गेल्यापासून पंच्याऐंशी वर्षें लोटलीं.

तीन वर्षांच्या फरकानें काय बिघडतें, असें म्हणणें सोपें आहे. १६५९ च्या नोव्हेंबरांत प्रतापगडाच्या पायथ्याशीं अफजलखानास सामोरा जाणारा पुरुष बत्तीस वर्षांचा नसून एकोणतीस वर्षांचा होता, एवढें तरी त्यानें बदलतें. पण त्याहून मोठी गोष्ट अशी कीं ज्या मुलास १६२७ हें साल केवळ पाठ होतें त्याला १६३० ऐकून संताप येतो किंवा गोंधळ होतो. आणि ज्याला पहिलें साल कशावरून सांगितलें व दुसरें कशावरून, हें समजतें, तो शांतपणें दोन्ही पुरावे तोलून पाहतो. इतिहास शिकण्याचें फळ तें हेंच.

म्हणून पुस्तक निवडतांना पहिली कसोटी ही लावावी : विधानामागील पुरावा तें सांगतें काय? आपल्या ओळखीचा एखादा विषय घेऊन तेवढें पान दुकानांतच उघडून पाहावें. उदाहरणार्थ, जुन्नरकडून कोंकणांत उतरणाऱ्या नाणेघाटांतील लेण्यांत सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दक्षिणा दिलेल्या गाईंच्या, घोड्यांच्या व कार्षापण नाण्यांच्या संख्या त्यांत अंकांनीं कोरल्या आहेत. 'सातवाहनकाळीं देश संपन्न होता' एवढेंच लिहिणारें पुस्तक निराळें, आणि हा लेख, हा घाट व हीं नाणीं दाखवून तेथवर नेणारें पुस्तक निराळें.

दुसरी कसोटी आवृत्तीची. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचें उदाहरण येथें बोलकें आहे. बडोद्याच्या राजपुत्रांस शिकवितांना केलेल्या टिपणांतून त्यांचें रियासतलेखन उगवलें. 'मराठी रियासती'चा पहिला भाग १९०२ सालीं निघाला. नवीं साधनें उजेडांत आलीं तसतसें त्यांनीं आपलेंच लेखन पुन्हां तपासलें, आणि पुढें १९४६ ते १९४८ या काळांत मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजींत तीन खंडांत लिहिला. शिक्षकाच्या टिपणांतून निघालेलें पुस्तक शोधाबरोबर चालत राहिलें. याच्या उलट, वेष्टन नवें आणि मजकूर जुनाच असलेलीं मार्गदर्शकें बाजारांत पुष्कळ असतात. तीं ओळखण्यास मुलांना शिकविलें पाहिजे.

परीक्षेपुरतें स्पष्ट सांगावयाचें तर प्रथम क्रमिक पुस्तकच घ्यावें. १९६७ सालीं स्थापन झालेल्या बालभारतीनें बारावीच्या इतिहासाचें पुस्तक २०२० सालीं काढलें. त्याचा आरंभ युरोपांतील प्रबोधनापासून होतो, आणि वसाहतवाद, मराठे, महायुद्धें असा त्याचा विस्तार शीतयुद्धाच्याहि पुढें जातो. अभ्यासक्रम पालटत असतो. म्हणून आपल्या परीक्षेच्या वर्षास लागू असलेलीच प्रत आहे, याची खात्री शाळेंत करून घ्यावी. तें पुस्तक एकदां कथेसारखें सलग वाचावें, मग प्रत्येक प्रकरणास 'हें कां घडलें' व 'हें कशावरून' असे दोन प्रश्न विचारून उत्तरें स्वतःच्या शब्दांत लिहावीं. त्यानंतर एका विषयापुरता तरी दुसरा ग्रंथ वाचनालयांतून आणून ताडून पाहावा. त्यास पैसा लागत नाहीं. प्रश्नसंच शेवटच्या महिन्यांत, वेळेचा व मांडणीचा सराव करण्यासाठीं हातीं घ्यावा. त्यालाच जो पाठ्यपुस्तक मानतो त्याला प्रश्नाची शब्दरचना थोडी पालटली कीं उत्तर सुचत नाहीं.

शेतकरी बापाला माझें सांगणें एवढेंच कीं दोन पुस्तकांचे पैसे नसतील तर एकच घ्या, पण तें उत्तरांचें नको, इतिहासाचें घ्या. परीक्षा मार्च महिन्यांत संपते. पुढें गांवच्या चावडीवर, सभेंत, वर्तमानपत्रांत इतिहासाच्या नांवानें नाना गोष्टी या मुलाच्या कानांवर पडतील. त्या वेळीं 'हें कशावरून?' असें शांतपणें विचारणारा एक तरी तरुण तेथें असावा, याची तयारी आज घेतलेल्या पुस्तकापासून होत असते.